रँकिन, जनेट

(११ जून १८८० – १८ मे १९७३). अमेरिकेच्या संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सदस्य व युद्धविरोधी कार्यकर्त्या. जन्म मोंटाना राज्यात मिझूला गावाजवळ. मोंटाना विद्यापीठातून १९०२ मध्ये पदवी घेतल्यावर त्या काही वर्षांतच स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत उतरल्या. मोंटानातील स्त्रियांना १९१४ मध्ये मताधिकार मिळाला, त्यात त्यांच्या संघटनकौशल्याचा मोठा वाटा होता.

१९१६ च्या निवडणुकीत त्या रिपब्लिकन पक्षाकडून कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या. मोंटानाला दोन जागा होत्या, पण मतदारसंघ पाडलेले नव्हते. सगळे राज्य मिळून एकच मतदारसंघ आणि प्रत्येकाला दोन मते. ही पद्धत रँकिन यांच्या पथ्यावर पडली, कारण एक मत आपल्या भागातल्या माणसाला देऊन दुसरे त्यांना देता येई. त्या दुसऱ्या आल्या. तिसऱ्या उमेदवारापेक्षा सुमारे सहा हजार मते जास्त. देशभरातील स्त्रियांना मताधिकार मिळायला तेव्हा आणखी चार वर्षे होती.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि चारच दिवसांत जर्मनीविरुद्धच्या युद्धाचा ठराव मतदानाला आला. नावे दोनदा पुकारली जात. पहिल्या पुकाऱ्याला त्या गप्प राहिल्या. दुसऱ्याला उठून म्हणाल्या, ‘मला देशाच्या पाठीशी उभे राहायचे आहे, पण युद्धाच्या बाजूने मत देता येत नाही.’ मत देताना भाष्य करण्याचा प्रघात नव्हता. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. विरोधातली ४९ मते पुरुषांची होती, तरी टीकेचा भडिमार झाला तो रँकिन यांच्यावर. मताधिकार चळवळीतल्या काही नेत्यांनीही त्यांना दोष दिला, हे अधिक बोचणारे.

१० जानेवारी १९१८ रोजी स्त्री-मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरील चर्चेची सुरुवात त्यांनी केली. २७४ विरुद्ध १३६. दोन-तृतीयांशासाठी लागणारी मते जेमतेम भरली. पुढे सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, मात्र ही दुरुस्ती फेटाळली.

दरम्यान जून १९१७ मध्ये मोंटानातील ब्यूट येथील तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार दगावले. रँकिन कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि राज्यातील बलाढ्य खाण कंपनी त्यांच्या विरोधात गेली. त्याच वर्षी विधिमंडळाने राज्याचे दोन मतदारसंघ पाडले. रँकिन यांचे घर डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर असलेल्या पश्चिम भागात आले. तिथे निभाव लागणे कठीण, म्हणून १९१८ मध्ये त्या सिनेटसाठी उतरल्या व हरल्या.

१९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, त्याच पश्चिम मतदारसंघातून. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ८ डिसेंबर १९४१ रोजी कनिष्ठ सभागृहात जपानविरुद्धच्या युद्धाचा ठराव ३८८ विरुद्ध १ मताने संमत झाला. ते एक मत त्यांचे. बाहेर जमाव इतका खवळला की त्यांना टेलिफोनच्या खोलीत आसरा घ्यावा लागला व पोलिसांनी कार्यालयापर्यंत पोचवले. १९४२ मध्ये त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

गांधीजींच्या अहिंसक मार्गाच्या अभ्यासासाठी १९४६ पासून त्या अनेकदा भारतात आल्या. १५ जानेवारी १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांचा मोर्चा निघाला, तेव्हा ८७ वर्षांच्या रँकिन अग्रभागी चालत होत्या.