थंडीत उशिरा उठा, असं सांगणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ

थंडीत पहाटे पाचला उठवणारं माणूस बहुतेक घरात एक तरी असतंच, त्यामुळे हे वाचून मला जाम बरं वाटलं. 'ह्वांगदी नैजिंग' हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठल्या ऋतूत कधी झोपायचं, कधी उठायचं हे त्यात सांगितलंय. वसंत, उन्हाळा, शरद, तिन्हींत लवकर उठायचं. हिवाळ्यात मात्र लवकर झोपा, उशिरा उठा आणि ऊन यायची वाट बघा! वर उबेत राहा, घाम गाळून आतली ऊर्जा घालवू नका. हिवाळा म्हणजे दार लावून साठवण करायचा काळ, असा सगळा हिशोब.

आता हे लिहिलं गेलं उत्तर चीनमध्ये हे लक्षात घ्या. बीजिंगला डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा आणि जूनमध्ये पंधरा, आपल्या पुण्यात हाच फरक सव्वादोन तासांचा, म्हणजे तिथला सल्ला इथे जसाच्या तसा कशाला लावायचा.

पण 'ऊन यायची वाट बघा' यात दम आहे. सकाळचा उजेड डोळ्यांच्या पडद्यावर पडला की मेंदूतल्या घड्याळाला सिग्नल जातो आणि मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं हार्मोन, कमी होतं. (या घड्याळाची जनुकं फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं.) वीज नसलेली माणसं कशी झोपतात हेही 2015 मध्ये तपासलं गेलं, तर नामिबिया आणि बोलिव्हियातले लोक उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जवळजवळ तासभर जास्त झोपत होते. त्यांना कुणी ग्रंथ वाचून दाखवला नव्हता! फक्त एक आहे, ऊन आल्यावर उठायचं, पडदे ओढून दहापर्यंत लोळायचं असं त्यात कुठेही नाहीये.

गंमत म्हणजे आजच्या अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं. त्यामुळे पश्चिमेला उरुमचीत डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या पुढे उगवतो.

दुसरी सवय, झोपायच्या आधी गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं. चीनमध्ये आजही घरोघरी चालतं हे. पाय गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. पाय गरम असले की डोळा लवकर लागतो हे स्वित्झर्लंडमध्ये 1999 मध्येच दिसलंय. डायबेटिस असेल तर पाणी आधी हाताने बघा, पायाला चटका कळत नाही कधीकधी.

किडनीचं प्रकरण मला पटत नाही. चिनी वैद्यकात हिवाळा म्हणजे किडनीचा ऋतू, जन्मजात शक्ती तिथे साठते म्हणे. ही किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे, एक कल्पना आहे, तशीच घ्यावी. खरी किडनी वेगळ्याच कारणाने आठवते. 1990 च्या सुमाराला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावसाधर्म्यामुळे दुसरीच मुळी गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या.

म्हणून चीनमध्ये हिवाळ्यात पितात ते मटण, आलं आणि दांगग्वी नावाच्या मुळीचं प्रसिद्ध सूप करून बघायचं असेल तर मटण आणि आलं पुरे. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर दांगग्वी अजिबात नको.