संकेतजन्य स्मरणबाधा

लक्षात असलेल्या यादीतील काही नावे दुसऱ्याने संकेत म्हणून आधीच पुरवली, तर उरलेली नावे एरवीपेक्षा कमी आठवतात. या परिणामास संकेतजन्य स्मरणबाधा म्हणतात. विदर्भाचे अकरा जिल्हे मोजताना शेजारच्याने 'नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती, अकोला' भराभर सांगून टाकले, की एरवी आठवला असता असा वाशीम मागे राहू शकतो. 'थांब ना बे, सांगू नको' या नागपुरी विनवणीला असा प्रयोगांचा आधार आहे.

सगळेच संकेत बाधक नसतात. गटाचे नाव सुचवल्यास स्मरण सुधारते, हे मानसशास्त्रज्ञ टुल्व्हिंग व पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये दाखवले. 'नागपूर विभागातले सहा, अमरावती विभागातले पाच' एवढेच सुचवणे त्यामुळे उपकारक. यादीतलीच नावे पुरवणे बाधक.

या बाधेच्या शोधाचे श्रेय सामान्यतः नॉर्मन स्लॅमेका (१९६८) यांना दिले जाते. शब्द स्मृतीत एकमेकांना जोडलेले असतील, तर काही हाती दिल्याने बाकीचे ओढले जावेत, असा तर्क होता. तसे घडले नाही. त्यावरून शब्द सुटेसुटे साठवले जातात, असा स्लॅमेका यांनी काढलेला निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. त्याच वर्षी जॉन ब्राउन यांनी अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी २५ नावे पुरवून हीच बाधा नोंदवली. प्रयोगशाळेत पाठ केलेल्या यादीऐवजी आधीपासून ठाऊक असलेली नावे घेतल्याने हा प्रयोग व्यवहाराला अधिक जवळचा. तरी त्याचा उल्लेख कमी आढळतो.

कारणांबाबत मतभेद आहेत. रंडस (१९७३) यांच्या मते सुचवलेली नावे बळावून पुन्हापुन्हा तीच पुढे येतात. बार्बरा व डेव्हिड बॅसडेन यांच्या मते प्रत्येकाचा आठवण्याचा आपला क्रम असतो. परका संकेत तो मोडतो. संकेत काढून घेतल्यावर हरवलेली नावे पुष्कळदा परततात आणि संकेत मूळ क्रमाने दिल्यास बाधा घटते, ही निरीक्षणे या दुसऱ्या मताला अनुकूल आहेत. तथापि शब्दांतील परस्परसंबंध विरळ असल्यास संकेत काढल्यावरही बाधा उरते, असे बॉयम्ल व अस्लान यांना आढळले. तेथे उरलेली नावे दडपली जात असावीत. निकरसन यांनी १९८४ मध्ये या विषयाला चिवट कोडे म्हटले होते.

गटाने आठवतानाही असेच घडते. वेल्डन व बेलिंजर (१९९७) यांच्या प्रयोगात एकत्र बसलेल्या तिघांना, वेगवेगळे बसून आठवलेल्या तिघांच्या एकत्रित (सामाईक एकदाच मोजून) आठवणींपेक्षा कमी आठवले.