ग्रेट ॲलेगेनी पॅसेज

अमेरिकेतील कंबरलंड (मेरीलँड) ते पिट्सबर्ग (पेनसिल्व्हेनिया) असा सुमारे २४१ किमी. (१५० मैल) लांबीचा सायकलमार्ग. रूळ उखडलेल्या जुन्या लोहमार्गांच्या भरावावरून तो जातो. पायी चालणाऱ्यांनाही तो खुला आहे. मोटारी आणि मोटारसायकलींना मात्र मज्जाव आहे. शुल्क नाही, परवाना लागत नाही. वाटेत विल्स क्रीक, कॅसलमन, यॉकागेनी आणि मोनोंगाहेला या चार प्रवाहांची खोरी लागतात. त्यांतले यॉकागेनीचे खोरे सर्वांत लांब, आणि मार्गाचा गाभाही तेच. नदीचे लांबलचक नाव तिथले लोक ‘यॉक’ एवढ्यावरच आटोपतात.

या मार्गाचे वैशिष्ट्य समजून घ्यायचे तर आधी चढ पाहावा. पोलादी रुळावर पोलादी चाक लवकर घसरते, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. लोहमार्ग बांधणारे अभियंते म्हणून डोंगराची मर्जी सांभाळत नाहीत: टेकडी आडवी आली की कापतात, दरी आली की भराव घालतात किंवा पूल बांधतात, आणि अगदीच इलाज नसेल तर बोगदा खणतात. हे सगळे कष्ट १९१२ च्या सुमारास होऊन गेले आणि त्यांचे फळ आज सायकलस्वाराला मिळते. कंबरलंड समुद्रसपाटीपासून सुमारे १८५ मी. उंचीवर आहे. तिथून ३८ किमी.वर डील या गावाजवळ मार्ग ७२९ मी. (२,३९२ फूट) उंची गाठतो. म्हणजे सरासरी ७० ला १ असा चढ. आपल्याकडच्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, हे लक्षात घेतले की हा किती सौम्य ते कळते. तरीही तो सलग आहे, कुठे उतार देऊन दम खाऊ देत नाही. सामान लादलेल्या सायकलीला तो पुरता जाणवतो. पलीकडे पिट्सबर्गपर्यंतच्या २०० किमी.त मात्र उतार इतका अलगद आहे की डोळ्यांना तो सपाटच दिसतो, पायांना तेवढा कळतो. पहिल्यांदा निघालेल्याने पिट्सबर्गहून यावे की कंबरलंडहून, याबद्दल दोन मते आढळतात. चढ पहिल्याच दिवशी उरकून टाकायचा आणि पुढे नदीबरोबर वाहत जायचे, हा क्रम अधिक सुखाचा.

डीलजवळचा तो माथा पूर्वेकडील खंडीय जलविभाजक आहे. त्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात जातो. पश्चिमेला पडलेला ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून थेट मेक्सिकोच्या आखातात. रस्त्याखालच्या एका छोट्या भुयारी वाटेच्या भिंतींवर हे चित्रांनी दाखवले आहे. माथ्याच्या थोडे पूर्वेला बिग सॅव्हेज बोगदा आहे: लांबी ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटरला चार मीटर जास्त. आत दिवे आहेत आणि भर उन्हाळ्यातही गारवा असतो. कंबरलंडकडून चढून येणाऱ्याने बोगद्यात शिरण्याआधी मागे वळून पाहावे. मेरीलँडच्या डोंगररांगा तिथून एकामागे एक पसरलेल्या दिसतात. बोगद्याच्या दक्षिणेला मेसन-डिक्सन रेषा ओलांडली जाते आणि पेनसिल्व्हेनिया सुरू होतो. हिवाळ्यात पाणी गोठून अस्तराला तडे जाऊ नयेत म्हणून डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बोगद्याची दारे बंद असतात, आणि या काळात त्याला सोयीची पर्यायी वाट नाही.

रूळ आणि स्लीपर गेल्यावर खालची गिट्टी उरते. तिच्यावर सायकल चालत नाही. चाक रुतते, हादरे मनगटात जातात. म्हणून तिच्यावर चुनखडीची बारीक कच पसरून, ओली करून, वर रोलर फिरवला आहे. या कचेत खडे जितके आवश्यक तितकीच धूळही: नुसते धुतलेले खडे एकमेकांत बसत नाहीत, सरकत राहतात, त्यांच्या फटी भरणारी पिठासारखी भुकटी पाण्याने आणि दाबाने आवळते आणि वर जवळजवळ शहाबादी फरशीसारखा घट्ट थर तयार होतो. पाणी साचू नये म्हणून बाजूला उतार आणि चर हवेतच. तुंबलेला एक चर दोन पावसाळी वादळांत भरावाची कड वाहून नेतो, आणि म्हणून अशा मार्गाची देखभाल म्हणजे बव्हंशी पाण्याची वाट मोकळी ठेवणे. ३५ ते ४० मिमी. रुंदीचा टायर या पृष्ठभागावर उत्तम चालतो, जाड टायरच्या डोंगरी सायकलीची गरज पडत नाही. डांबराच्या तुलनेत वेग थोडा कमी पडतो, चाकाखाली सतत बारीक करकर ऐकू येते, आणि संध्याकाळी साखळीवर, पोटऱ्यांवर, पिशव्यांवर राखाडी पावडर बसलेली असते. वसंतात बर्फ वितळताना मात्र थर मऊ पडतो आणि चाकाचे ओरखडे उठतात. मॅकीसपोर्टच्या पुढे शहरी भागात बहुतेक डांबर आहे.

हा मार्ग मुख्यतः दोन जुन्या लोहमार्गांवरून जातो. त्यांपैकी वरचा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या कॉनेल्सव्हिल फाट्याचा. कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल असा तो १९१२ मध्ये पूर्ण झाला, आणि त्या वेळी नदीच्या दुसऱ्या काठाने बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचा मार्ग आधीपासून होताच. एका अरुंद खोऱ्यात दोन प्रतिस्पर्धी रेल्वे समोरासमोर धावत होत्या. पुढे दोन्ही कंपन्या एकाच छत्राखाली आल्या, दोन मार्गांची गरज उरली नाही आणि १९७५ मध्ये वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग सोडून देण्यात आला. खालचा भाग, कॉनेल्सव्हिल ते मॅकीसपोर्ट, हा पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचा. तो नंतर बंद पडला.

बंद लोहमार्गाची खरी किंमत त्याच्या सलगतेत असते. शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातून मधला पाचशे मीटरचा तुकडा कोणाच्या कुंपणात गेला की बाकीचा पट्टा अर्धा निरुपयोगी होतो. अमेरिकेत रेल्वेला पुष्कळ ठिकाणी जमिनीची मालकी नव्हे, तर केवळ वहिवाटीचा हक्क मिळालेला असे, आणि रेल्वे हटली की तो हक्क संपे. यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये केंद्रीय कायद्यात तरतूद झाली: भविष्यात पुन्हा रेल्वेसाठी वापरता येईल या अटीवर पट्टा राखून ठेवायचा आणि तोवर तिथे पायवाट किंवा सायकलमार्ग करायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती वैध ठरवली. वेस्टर्न मेरीलँडचे रूळ मात्र या तरतुदीच्या आठ वर्षे आधीच सोडले गेले होते. त्यामुळे इथे स्थानिक संस्था, उद्यान विभाग आणि स्वयंसेवकांना तुकडा तुकडा जोडत जावे लागले.

पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइल राज्य उद्यानात खुला झाला, सुमारे १४ किमी.चा. १९९५ मध्ये वाटेवरच्या सात संस्थांनी एकत्र येऊन ॲलेगेनी ट्रेल अलायन्स स्थापन केली. मायर्सडेलजवळचा सॉल्झबरी व्हायाडक्ट १९९८ मध्ये खुला झाला. ५८२ मी. लांब आणि ३१ मी. उंच असा हा पूल कॅसलमन नदी, महामार्ग आणि चालू लोहमार्ग या तिघांना एकदमच ओलांडतो. त्यावर वारा जोरदार लागतो. २००६ अखेर मार्ग कंबरलंडला पोहोचला. पुढच्याच वर्षी रेल्स-टू-ट्रेल्स कॉन्झर्व्हन्सी या राष्ट्रीय संस्थेने आपल्या गौरवयादीत पहिले नाव याच मार्गाचे घेतले. पिट्सबर्गजवळचे शेवटचे अंतर, कारखान्यांच्या आणि चालू रुळांच्या शेजारचे, सर्वांत चिवट ठरले: ते जून २०१३ मध्ये पूर्ण झाले. पहिल्या १४ किमी.पासून शेवटच्या दीड-दोन किमी.पर्यंत सत्तावीस वर्षे लागली. पिंकर्टन बोगदा तर त्यानंतरही दोन वर्षांनी दुरुस्त झाला. तोवर सायकलस्वार कॅसलमनच्या मोठ्या वळणाभोवती फेरा मारून जात.

माथ्यावरून उतरल्यावर मायर्सडेल, गॅरेट, रॉकवूड अशी छोटी गावे लागतात. बोटांवर मोजण्याजोगी दुकाने, जुनी स्थानके आणि त्यांतून आता चालणारी माहिती केंद्रे. कॉन्फ्लुअन्स म्हणजे संगम, आणि गावही तसेच आहे: कॅसलमन, यॉकागेनी आणि लॉरेल हिल क्रीक इथे मिळतात. तीन प्रवाहांचा आकार टर्कीच्या पावलासारखा दिसतो, म्हणून या जागेचे जुने नाव टर्कीफूट. इथून ओहायोपाइल आणि पुढे कॉनेल्सव्हिल हे ४३ किमी. या मार्गावरचे सर्वांत सुंदर अंतर आहे. एका हाताला खडक आणि हेमलॉकची झाडी, दुसऱ्या हाताला खाली नदी. ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल या २७ किमी.त मध्ये गाव नाही, त्यामुळे पाणी आधी भरून घ्यावे लागते. ओहायोपाइलला सुमारे सहा मीटर उंचीचा रुंद धबधबा आहे. १७५४ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन सैन्यासाठी जलमार्ग शोधत याच नदीतून आला आणि हा धबधबा पाहून त्याने तो बेत सोडला. इथून जवळच बेअर रन ओढ्यावर फ्रँक लॉइड राइट याने बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर आहे.

खोरे शांत आहे, नि:शब्द नाही. पलीकडच्या काठावरचा जुना प्रतिस्पर्धी मार्ग अजून चालू आहे आणि त्यावरून लांबच लांब मालगाड्या जातात. झाडीतून आधी भोंगा येतो, मग डबे दिसत राहतात, आणि गाडी गेल्यावर पुन्हा फक्त पाण्याचा आवाज उरतो. ही शांतता मूळची नव्हे, हेही विसरता येत नाही. कॉनेल्सव्हिल भोवतालचा कोळसा कोक (कोळसा भाजून केलेले भट्टीचे इंधन) बनवण्यासाठी विशेष चांगला होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्यांच्या रांगा इथे रात्रंदिवस धुमसत, आणि त्यांतला कोक पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांना जाई. खालच्या खोऱ्यात व्हॅन मीटरजवळ मार्ग डार खाणीच्या जागेवरून जातो. १९ डिसेंबर १९०७ रोजी त्या खाणीत स्फोट होऊन २३९ माणसे दगावली. त्यांत हंगेरी आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर पुष्कळ होते. जुन्या (ज्यूलियन) पंचांगानुसार तो सेंट निकोलसचा सण होता, आणि चर्चला गेल्यामुळे बरेच कामगार त्या दिवशी कामावर नव्हते. म्हणून ते वाचले. वाटेवर माहितीचा फलक आहे. तिथे थांबावे. खालच्या भागात जुन्या खाणींतून झिरपणारे लोहयुक्त पाणी काही ठिकाणी खडकावरून गंजाच्या लाल रंगाचा ओघळ करत उतरते. खाणी मिटल्या, पण त्यांचे पाणी अजून थांबलेले नाही.

मॅकीसपोर्टला यॉकागेनी मोनोंगाहेलाला मिळते आणि दृश्य बदलते. होमस्टेडचे जुने पंपघर लागते, जिथे जुलै १८९२ मध्ये संपकरी कामगार आणि पोलाद कंपनीने आणलेले पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेचे सशस्त्र रक्षक यांच्यात रक्त सांडले. पुढे हॉट मेटल ब्रिजवरून नदी ओलांडावी लागते; वितळलेले लोखंड भट्टीतून कारखान्यात नेणारा हा पूल २००७ पासून सायकलींसाठी खुला आहे. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला मिळून ओहायो होते, त्या टोकावरच्या उद्यानात मार्ग संपतो.

दुसऱ्या टोकाला, कंबरलंडमध्ये, तो चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठवाटेला जोडला जातो. ही २९७ किमी.ची वाट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत नेते, म्हणजे पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन असा सुमारे ५३८ किमी.चा सलग प्रवास होतो. कालव्याची वाट जास्त मातीची आहे आणि पावसात चिखल होते. बहुतेक लोक सगळे अंतर सहा-सात दिवसांत करतात. परतायला ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची गाडी आहे. सायकल उभी ठेवून नेण्याची सोय तिच्यात २०१५ मध्ये झाली. कॉनेल्सव्हिल आणि कंबरलंड दोन्ही ठिकाणी ती थांबते आणि खोऱ्यातून जाताना धावते ती पलीकडच्या काठावरच्या त्याच जुन्या बाल्टिमोर अँड ओहायोच्या रुळांवरून.