स्क्रीनवरची उंची आणि जमिनीपासूनची उंची

गगनबावड्याला करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून ड्रोन सोडा. 40 मीटर वर न्या आणि तसाच सरळ दरीवर जाऊ द्या. स्क्रीनवर आकडा 40च राहतो. पण कोकणाच्या अंगाला जमीन शेकडो मीटर तुटलेली आहे. वर न चढताच तुमचा ड्रोन कायद्याची 120 मीटरची मर्यादा ओलांडून गेलेला असतो.

स्क्रीनवर दिसते ती उंची ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची. ड्रोनमधला बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. उड्डाणाच्या क्षणी जो दाब असतो तिथे शून्य धरतो आणि पुढचा हिशेब त्यावरून करतो. खाली कडा आहे की ऊस, त्याला कळत नाही. पोटाखालचे सेन्सर जमीन पाहतात, पण जेमतेम काही मीटरपर्यंत. ते उतरताना कामाचे.

कायदा मात्र जमिनीपासून मोजतो. 2021च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या भागात, 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात तर जमिनीपासूनच यलो झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवीच. त्याहून आत रेड झोन, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळामुळे कोल्हापूर शहराचा बराच भाग या 8 किलोमीटरच्या वर्तुळात येतो. शिवाजी विद्यापीठाचा परिसर तर नक्कीच. रंकाळा साधारण सीमेवर, म्हणून तिथे अंदाजावर जाऊ नका, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी उघडून पाहा. (लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन करत असाल, तर 250 ग्रॅमहून जड ड्रोनला, तो दोन किलोच्या आतला असला तरी, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. पन्हाळ्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.)

सपाट रानात दोन्ही उंच्या जवळपास सारख्या, म्हणून शिरोळकडच्या मळ्यात उडवायला शिकलेल्याला हा फरक कधी जाणवतच नाही. तो पहिल्यांदा डोंगरावर जातो तेव्हा चुकतो. समजा, जोतिबाच्या डोंगरउतारावरून ड्रोन 60 मीटर चढवला आणि तो पुढे सरकला तिथे जमीन 80 मीटर खाली आहे. खरी उंची झाली 140 मीटर, स्क्रीन सांगते 60.

उलटी चूक मला जास्त धोक्याची वाटते. पायथ्याला उभं राहून ड्रोन सोडला, ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप माघारी येण्याची, उंची 30 मीटर ठेवली, आणि ड्रोन डोंगराच्या पलीकडे गेल्यावर सिग्नल तुटला. ही 30 मीटरही उड्डाणाच्या जागेपासूनचीच. मधे धार त्याहून उंच असेल तर ड्रोन माघारी येताना सरळ डोंगरावर आदळेल. अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरवर विसंबू नका. धुक्यात आणि कमी उजेडात ते फसतात, आणि पावसाळ्यात गगनबावड्याचं धुकं काही मिनिटांत येतं.

म्हणून कड्यावर गेलो की मी आधी नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहतो. उड्डाणाची जागा आणि ड्रोन जाणार ती जागा, दोन्हींच्या उंचीतला फरक कागदावर लिहितो. तो फरक 120मधून वजा केला की स्क्रीनवर किती आकडा चालेल ते कळतं. उत्तर शून्याच्या खाली गेलं, तर त्या दरीवर ड्रोन न्यायचा नाही. खालून, करूळच्या बाजूने नव्याने उडवायचा.