पांडाच्या नाण्याला कडी लावण्याआधी हे वाचा

परदेशातल्या मुलानं पाठवलेलं सोन्याचं नाणं घेऊन ग्राहक पेढीवर येतात आणि म्हणतात, "कडी लावून द्या, पुतळीच्या माळेत मधोमध ओवायचंय." आम्ही हात जोडून नाही म्हणतो. डाग, म्हणजे कडीचा सांधा, लागला की ते नाणं राहत नाही, मोड होते, म्हणजे नुसतं मोडीचं सोनं उरतं.

चीनचं पांडा नाणं 1982 पासून निघतं. एका बाजूला बीजिंगचं स्वर्गमंदिर, दुसऱ्या बाजूला पांडा, आणि पांडाचं चित्र दरवर्षी नवं. 2002 साली मात्र आदल्या वर्षीचंच चित्र ठेवलं. संग्राहक नाराज झाले, तेव्हा 2003 पासून पुन्हा नवं चित्र येऊ लागलं. लोक या नाण्यांत जीव गुंतवतात तो असा! ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टांकसाळीचा कांगारूही दरवर्षी बदलतो.

वजनाकडे नीट बघा. 2015 पर्यंतचा मोठा पांडा एका औंसाचा, म्हणजे 31.1 ग्रॅम. 2016 पासून तो 30 ग्रॅमचा आहे. दोघांना एकच भाव लावला, तर ग्रॅमभराहून जास्त सोन्याचे पैसे फुकट जातात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगररँडवरचं हरीण 1967 पासून तेच आहे. ते नाणं 22 कॅरेटचं, पण वजन 33.9 ग्रॅम, त्यामुळे चोख सोनं पुरतं एक औंस भरतं. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, कमी दिसला म्हणून घाबरू नका.

आमचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्यांचं. आटणीत घातलं की खोटं लपत नाही, पण नाणं कसं आटवणार? शुद्धता मोजणारं कॅरेट मीटर फक्त वरचा थर वाचतं. आत टंगस्टन असेल तर वजन आणि आकारही जवळपास जुळतात. बनावट पांडा बाजारात बरेच आहेत, म्हणून पावतीशिवाय आणि अनोळखी माणसाकडून घेऊ नका.

विकताना सराफ कट्ट्यावर सोन्याचाच भाव मिळेल, चित्राचा नाही. आम्हीही तसंच घेतो. चित्राचे पैसे देणारा संग्राहकच शोधावा लागतो. लेकीच्या लग्नासाठी सोनं साठवायचं असेल तर सरळ वेढणं, म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं, घ्या. नाणं घ्यायचं ते चित्र आवडलं म्हणून.

24 कॅरेटचं सोनं मऊ असतं. रिठ्याच्या पाण्यात घासू नका, कापडानं पुसूही नका. धरायचं ते कडेनं. डबी न उघडता, पावतीसकट घेऊन या, आम्ही काट्यावर तुमच्यासमोर बघून देऊ.