पाटणचा पटोला आणि राजकोटचा पटोला

दुकानात पटोला, म्हणजे गुजरातची नक्षीदार रेशमी साडी, म्हणून जे समोर येते ते बहुतेक वेळा राजकोट पद्धतीचे विणकाम असते आणि त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते त्याला गुजरातमधल्या पाटणच्या पटोल्याचा भाव लावणे. दोन्हींत सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवतात, म्हणून दोन्ही इकतच. मात्र राजकोटला सहसा केवळ बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे असे रंगवून ताणा, म्हणजे उभे धागे, एकरंगी ठेवतात. पाटणचे साळवी विणकर, जे परंपरेनुसार बाराव्या शतकात राजा कुमारपालाच्या काळी जालन्याकडून तेथे गेले, ताणा आणि बाणा दोन्ही नक्षीबरहुकूम रंगवतात आणि मागावर प्रत्येक आडवा धागा उभ्या धाग्याच्या नेमक्या रंगावर आणून बसवतात. तिरक्या मागावर दोघांनी काम करून, अधूनमधून सुईने धागे सरकवत, दिवसाकाठी जेमतेम 8-9 इंच कापड होते. साडीला 4 ते 6 महिने लागतात आणि किंमत लाखांत जाते.

"दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे अस्सल पाटण" हा विक्रेत्यांचा आवडता दाखला फसवा आहे, कारण राजकोटचे कापडही दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. त्यावरून फार तर कापड छापील नाही एवढे कळते. त्यापेक्षा भिंग घेऊन नक्षीतला एकच उभा धागा नजरेने धरून पुढे जावे. तो पांढरा, लाल, हिरवा असा रंग बदलत गेला तर दुहेरी इकत. तो एकरंगीच राहिला तर एकेरी. एकेरीत नक्षीच्या उभ्या कडा पुसट आणि आडव्या कडा रेखीव दिसतात. दुहेरीत दोन्ही किंचित पुसट दिसतात. साडीला लावलेले सिल्क मार्कचे लेबल केवळ रेशमाची शुद्धता सांगते, इकताचा प्रकार नाही.

पटोल्यावरची भात, म्हणजे नक्षी, फाटेल पण विटणार नाही, अशी गुजराती म्हण आहे. कपाटात भय फाटण्याचेच असते, कारण रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की तेथेच चिरते. म्हणून दोन्ही साड्या जुन्या, मऊ, पांढऱ्या मलमलीत गुंडाळाव्यात, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, प्लास्टिकची पिशवी आणि तारेचा हँगर टाळावा. घरी न धुता ड्रायक्लीनिंगलाच द्याव्यात. रंगाबद्दल शंका असेल तर आतल्या कोपऱ्यावर ओलसर पांढरा रुमाल हलकेच दाबून पाहावा. पदरात जरीकाम असेल तर डांबरगोळ्या साडीला टेकू देऊ नयेत, आणि पावसाळा सरल्यावर साडी उन्हात न टाकता सावलीतच वाऱ्यावर पसरावी.