झडती शाळेची की पोलिसांची? अमेरिकेतल्या पालकांनी ओळखावा असा फरक

अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी शाळांत आता पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ म्हणतात. कुठे तो शहर पोलिसांचा किंवा शेरिफचा माणूस असतो, तर लॉस एंजेलिसमध्ये शाळांचं स्वतःचंच पोलीस दल आहे. हे रखवालदार नव्हेत. त्यांना अटकेचे अधिकार असतात. मुलांना मात्र उपमुख्याध्यापक आणि हा अधिकारी दोघेही सारखेच वाटतात: शाळेतली मोठी माणसं, विचारतील ते सांगायचं. कायदा त्यांना सारखं मानत नाही.

आधी शाळेची झडती. १९८० साली न्यू जर्सीतली १४ वर्षांची एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. सिगारेटबरोबर गांजा आणि पैसे देणं असलेल्या मुलांची यादीही निघाली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडती वैध ठरवली. गैरवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती शाळेलाही लागू आहे, पण शाळेला वॉरंट नको, वाजवी संशय पुरे, असा तो निकाल. त्यालाही मर्यादा आहे. अॅरिझोनात १३ वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून वेदनाशामक गोळ्या शोधल्या गेल्या, तेव्हा २००९ मध्ये त्याच न्यायालयाने ते घटनाबाह्य म्हटलं.

पोलिसाला एरवी याहून सबळ कारण लागतं, आणि बहुधा वॉरंटही. मग शाळेत बसणाऱ्या पोलिसाचं काय? १९८५ च्या निकालाने हा प्रश्न मोकळा सोडला आणि राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अधिकारी शाळेच्या वतीने वागत असेल तर त्यालाही वाजवी संशय पुरतो, असं अनेक न्यायालयं मानतात. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे मानलं नाही. तिथे अधिकाऱ्याने मुलाला गांजासह पकडून बेड्या घातल्या आणि मग त्याचं कुलूपबंद दप्तर उघडलं. अटक करणारा माणूस शिस्त राखत नसतो, गुन्ह्याचा तपास करत असतो, म्हणून शाळेची सवलत त्याला नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. सवलत शिकवण्याच्या कामासाठी दिलेली आहे.

चौकशीत गोंधळ आणखी वाढतो. मुख्याध्यापक शिस्तीसाठी प्रश्न विचारतात तेव्हा ‘गप्प राहण्याचा हक्क आहे’ असं सांगण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. पोलिसावर आहे, पण मूल त्याच्या ताब्यात असेल तरच. नॉर्थ कॅरोलिनात सातवीतल्या १३ वर्षांच्या मुलाला गणवेशातल्या अधिकाऱ्याने वर्गातून उठवून नेलं. बंद दाराआड पोलीस तपास अधिकारी, शाळेतला पोलीस आणि उपमुख्याध्यापक त्याला घरफोडीबद्दल विचारत राहिले. त्याची पालक असलेल्या आजीला फोन करण्याची संधी दिली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालय ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं की मूल ताब्यात होतं का हे ठरवताना त्याचं वय विचारात घ्यावंच लागेल. मोठा माणूस उठून जाईल. तेरा वर्षांचं मूल उपमुख्याध्यापकांसमोरून कसं उठणार? हे चार न्यायाधीशांना पटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

परिणामही वेगळे. शाळा निलंबित करते किंवा काढून टाकते. पोलिसाचा मार्ग बाल न्यायालयाकडे जातो. टेक्सासच्या कायद्यानुसार तर शाळेतल्या पोलिसाला रोजच्या शिस्तीचं काम देताच येत नाही. पण शाळेच्या हाती लागलेला पुरावा पोलिसांकडे जाऊ शकतो. न्यू जर्सीतल्या पर्सचं तेच झालं.

आणि घरी सांगून ठेवण्याजोगी गोष्ट ही: मुलाने स्वखुशीने ‘बघा माझं दप्तर’ म्हटलं, तर संशय वाजवी होता का, कारण सबळ होतं का, हे प्रश्न बहुधा उरतच नाहीत. चौकशीआधी पालकांना बोलावलंच पाहिजे, असं राज्यघटना सांगत नाही. ते राज्याच्या कायद्यावर अवलंबून. म्हणून ‘माझ्या आईला किंवा बाबांना बोलवा’ हे वाक्य मुलाला स्वतःच म्हणता यायला हवं.